न पिणाऱ्याची रम

आमच्या पोस्टची उंची सतरा हजार चारशे फूट होती. लोकांना सांगताना मी एकोणीस हजार सांगतो. थंडी उणे तीसच्या आसपास असायची, मी साठ सांगतो. थुंकलं की खाली पडेपर्यंत त्याची गोळी व्हायची आणि तीच गोळी आम्ही बंदुकीत भरायचो, हेही मी अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीत चार वेळा सांगितलंय. चारही वेळा लोकांनी चहा पाजला. या लिखाणात मात्र आकडे आणि वेळा जशा होत्या तशाच आहेत. बाकी कुठे माझा हात सैल सुटला तर तुम्हीच ओळखून घ्या, सवय जुनी आहे.

पोस्टला आम्ही 'गच्ची' म्हणायचो. माणसं आठ. पोस्ट कमांडर एक नायब सुभेदार, त्यांच्या खाली मी, हवालदार. राहायला फायबरची एक झोपडी, तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह, आठ स्लीपिंग बॅगा आणि एक रेडिओ सेट. पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चात. सहाला फावडी घेऊन बर्फ उपसायचा, नाहीतर दार उघडत नसे. सातला चहा. दर तासाला रेडिओ चेक. असे नव्वद दिवस काढायचे आणि खाली उतरायचं.

दिनकर भोईर तिथे लान्स नाईक होता. स्टोअर आणि लंगर, म्हणजे स्वयंपाक, त्याच्याकडे. गाव खरवई, म्हणजे बदलापूरच्या कडेचं. माझं घर अंबरनाथला. अंतर किती, तर सायकलने अर्धा तास. पण आमची ओळख झाली ती दोन हजार किलोमीटर लांब, बर्फात. फौजेत गाववाला भेटला की भावापेक्षा जवळचा. तो मला उस्ताद म्हणायचा. मी त्याला दिनकर म्हणायचो, आणि चिडलो की भोईर.

दिनकर दारू पीत नसे. बाप पिऊन पिऊन स्वतःच्याच शेताच्या बांधावर मेला होता. भरतीला जायच्या आदल्या दिवशी आईने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शब्द घेतला. वर रम प्रत्येकाच्या नावावर यायची. न पिणारे आपला वाटा मित्राला देतात, हा सगळीकडचा रिवाज. दिनकर देत नसे. त्याने एक प्लॅस्टिकचा कॅन घेतला, त्यावर मार्करने 'साफसफाई' लिहिलं आणि आपली सगळी रम त्यात ओतून ठेवली.

त्या कॅनमधून त्याने काय काय केलं, ते ऐका. स्नो गॉगलच्या काचेवर श्वासाची वाफ गोठायची. त्याने कापूस रमेत बुडवून काच पुसली, मग कोमट पाण्याने पुसली, काच लख्ख. दाढीचं पातं रमेत बुडवून ठेवायचा. पार्सलच्या चिकटपट्टीचा काळा गोंद रमेने निघतो. दारूगोळ्याच्या पेटीचं कुलूप गोठायचं, त्यात चार थेंब सोडले की किल्ली फिरायची. बुटांचा वास जायला आतून रमेचा हात फिरवायचा. आठ जणांचे बूट त्या झोपडीत एकत्र वाळायचे तेव्हा पलीकडच्या दुश्मनाने वासाने शरण यायचं बाकी राहिलं होतं. दिनकरने एका आठवड्यात तो वास मोडून काढला.

"एवढी चांगली रम बुटाला पाजतोस?" सुभेदार साहेब कळवळून म्हणाले.

"साहेब, बूट पिऊन भांडत नाहीत," दिनकर म्हणाला.

सिपाही कदम आमचा रेडिओ ऑपरेटर, साताऱ्याकडचा, बाविशीचा. तो पोट धरून हसला. संध्याकाळच्या रेडिओ चेकला खालच्या पोस्टलाही सांगून मोकळा झाला.

आता माझा किस्सा. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फार वर्षांपूर्वी रजेवरून परतताना गाडीत सिव्हिलियन लोकांनी घेरलं आणि विचारलं, फौजेत रम का देतात? मी सांगितलं: माझ्या आधीच्या पोस्टवर एक जवान दोन तास बर्फाखाली होता. बाहेर काढला तेव्हा नाडी बंद. डॉक्टरांनी हात टेकले. मी अर्धी बाटली रम गरम केली, त्याच्या घशात ओतली. तो उठून बसला आणि म्हणाला, "उस्ताद, दुसरा पेग?" गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा कोणी जवान नव्हता. मी बर्फाखालून कोणाला काढलेलं नव्हतं. पण टाळ्या मिळाल्या, म्हणून पुन्हा सांगितला. मग बॅरकमध्ये सांगितला. लग्नात सांगितला. सांगून सांगून असं झालं की मला त्या जवानाची मिशीसुद्धा दिसायला लागली.

वर चढायच्या आधी बेस कॅम्पला डॉक्टर कॅप्टन साहेबांनी आमचं लेक्चर घेतलं. थंडीने आखडलेल्या माणसाला रम द्यायची नाही. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी द्या. रम अजिबात नाही. मी शेवटच्या रांगेत होतो. बाजूच्या पोरांना हळूच माझा किस्सा सांगितला. सगळी रांग खुदखुदली. कॅप्टन साहेबांनी वर बघितलं आणि लेक्चर पुढे चालू ठेवलं.

पोस्टवर चौपन्नावा दिवस होता. सुभेदार साहेबांच्या छातीत पाणी झालं म्हणून त्यांना चार दिवस आधी खाली नेलं होतं. पोस्टचा ताबा माझ्याकडे. रॉकेलचे कॅन हेलिकॉप्टरने टाकले होते ते साडेतीनशे मीटर खाली पडलेले. सकाळी साडेदहाला मी, दिनकर, कदम आणि आणखी एक जवान, असे चौघे एका दोराला बांधून निघालो. ऊन होतं. वारा बेताचा.

११२० ला बर्फाचा पापुद्रा फुटला. खाली वितळलेल्या पाण्याचं डबकं होतं. दिनकर कमरेपर्यंत आत गेला, मग छातीपर्यंत. चार मिनिटांत आम्ही त्याला ओढून काढला. वर चढायला पन्नास मिनिटं लागली. त्याच्या पँटचा पत्रा झाला होता. चालताना ती वाजायची.

१२१५ ला झोपडीत आलो. खाली रेडिओवर कळवलं. कपडे कापून काढले, दोन स्लीपिंग बॅगांत घातला, स्टोव्ह जवळ ओढला. तो इतका कापत होता की दातांचा आवाज टाईपरायटरसारखा येत होता. स्टोव्हवर कदमने साखरेचं पाणी ठेवलं होतं. इथपर्यंत सगळं लेक्चरप्रमाणे.

मग कदम म्हणाला, "उस्ताद, तुमची रम! तो किस्सा नाही का? तो जवान उठून बसला होता ना!"

झोपडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहाऱ्यावरचा जवानसुद्धा दारातून डोकावला.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की पोरांनो, ती थाप होती. चार शब्द. पोस्टचा ताबा माझ्याकडे, सगळ्यांचा माझ्यावर विश्वास, आणि समोर माझा गाववाला कापतोय. मी ते चार शब्द बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो मिशीवाला जवान उठून बसलेला दिसला.

"आण," मी म्हणालो.

बाकीच्यांच्या बाटल्या संपल्या होत्या. कॅन होता तो दिनकरचाच. कदमने मगमध्ये रम ओतली आणि स्टोव्हवर धरली.

"उस्ताद, नको," दिनकर म्हणाला. दातांतून शब्द तुटत होते.

"औषध आहे."

"नको. आईला शब्द दिलाय."

"भोईर, हुकूम आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. लान्स नाईक हुकूम मोडत नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजली. एक मग. वर आणखी अर्धा.

दहा मिनिटांत कापणं कमी झालं. गाल लाल झाले. कदम ओरडला, "मानलं उस्ताद!" मी हसलो. आणि मला हे लिहायला फार जड जातंय, पण मी तो किस्सा पुन्हा सांगायला सुरुवात केली. दिनकर डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्याने बॅगेची चेन खाली ओढली.

"गरम होतंय," तो म्हणाला.

आम्ही सगळे हसलो.

१२४५ ला रेडिओवर खालून डॉक्टर साहेब आले.

"कॅज्युअल्टी होश में है? ओव्हर."

"होश में है. ओव्हर."

"कपकपी? ओव्हर."

"बंद हो गयी, साब. ओव्हर."



"कपडे उतार रहा है? ओव्हर."

यांना कसं कळलं, असं मला वाटलं. "हाँ साब. ओव्हर."

"मुँह से कुछ दिया? रम दी? ओव्हर."

माझा अंगठा बटणावर होता. कदम माझ्याकडे बघत होता. रमेचा मग अजून त्याच्या हातातच होता.

"निगेटिव्ह. ओव्हर."

साहेबांनी सांगितलं, त्याला पुन्हा गुंडाळा, दोघे जण बाजूला झोपा, अंगाला अंग लावा, हलवू नका, झोपू देऊ नका. हेलिकॉप्टर मागवलंय, पण खाली वारा वाढलाय. आम्ही सगळं केलं. मी एका बाजूला, कदम दुसऱ्या बाजूला. त्याच्या तोंडाला रमेचा वास येत होता. मी बोलत राहिलो. खरवई, अंबरनाथचं देऊळ, आनंदनगरच्या कारखान्यात त्याच्या धाकट्या भावाला लागलेली नोकरी, सुचेल ते. एक वाजल्यापासून तो उत्तर देईना. १४०५ ला नाडी लागेना. छाती दाबायला घेतली. मी दमलो की कदम, कदम दमला की मी. १४५० ला डॉक्टर साहेब रेडिओवर म्हणाले, "बस करो, हवालदार. ओव्हर."

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी ०६४० ला आलं.

खाली उतरल्यावर कॅप्टन साहेबांनी मला तंबूत बोलावलं. समोर माझा रिपोर्ट. त्यात रमेचा शब्द नव्हता. त्यांनी तो बाजूला सारला आणि शांतपणे समजावलं. कापणं म्हणजे शरीराने आत पेटवलेली शेगडी. रमेने ती विझते. वर रक्त कातडीकडे धावतं, माणसाला गरम वाटतं, आणि आतला जीव थंड पडत जातो. "रमशिवायही कदाचित गेला असता," ते म्हणाले. "कदाचित." त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोललो असतो, माहीत नाही.

मृतदेहाबरोबर खरवईला मीच आलो. सगळा गाव लोटला होता. सलामी झाली. गर्दी पांगल्यावर भोईरकाकींनी, दिनकरच्या आईने, मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढलं. रडत नव्हत्या. एकच विचारलं.

"तिथं थंडीत समदी पितात म्हन्तात. माझ्या पोरानी तोंडाला लावली नाय ना?"

"नाही काकी," मी म्हणालो. दुसऱ्यांदा निगेटिव्ह.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

मी पेन्शनवर आलो. काही वर्षं आनंदनगर एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर होतो, तेही सोडलं. त्या दिवसानंतर मी दारूला शिवलो नाही. पण फौजी कॅन्टीनचा दारूचा कोटा दर महिन्याला आणतो. सुनंदा, माझी बायको, सुरुवातीला म्हणाली, "पीत नाही तर आणता कशाला? देऊन टाका कोणाला." देणं मला जमत नाही. कोणाच्या तोंडाशी ती जाईल हे मला बघवत नाही. मग मी दिनकरचं काम पुढे चालू केलं.

पहिल्यांदा काळी रम आणली आणि खिडकी पुसली. दुपारपर्यंत अर्ध्या अंबरनाथच्या मुंग्या आमच्या खिडकीवर फॉल-इन होऊन उभ्या. रमेत गोडवा असतो, पोस्टवर मुंग्या नव्हत्या म्हणून कळलं नाही. तेव्हापासून मी बिनरंगी व्होडका आणतो. स्प्रेच्या बाटलीत भरतो. नव्या स्टीलच्या ताटावरचं स्टिकर नखाने खरवडून बायकांची नखं जातात. त्यावर व्होडकाचा बोळा पाच मिनिटं ठेवा, निघून येतं. आरशावर टिकल्यांचा गोंद राहतो, तोही जातो. शर्टाच्या खिशाला पेनाची शाई, चष्म्याची काच, बाथरूमचा नळ, पावसाळ्यात चामडी चपलेवर चढणारी बुरशी, सगळ्यावर चालते. फक्त गॅस पेटलेला असताना जवळ नेऊ नका. पॉलिश केलेल्या लाकडावर मारू नका, मी कपाटाचं दार घालवलंय आणि त्यावर सुनंदाचं भाषण अजून चालू आहे.

समोरच्या वाधवाभाभी मूळच्या उल्हासनगरच्या. त्या दार वाजवतात आणि म्हणतात, "फौजी भाईसाब, वो आपकी दवाई दो ना, मिक्सर चिपचिपा हो गया." मी त्यांना सांगतो की याच औषधाने आम्ही रणगाडे धुवायचो. त्यांना खरं वाटतं. सुनंदा आतून ओरडते, "अहो, पुरे!"

लोकांना वाटतं म्हाताऱ्याला छंद आहे. पण बोळा काचेवर फिरवताना हात माझा नसतो. आधी ओलं, मग कोरडं, कोपऱ्यातून मध्याकडे. ही दिनकरची पद्धत. काच स्वच्छ झाली की मी लगेच वळतो. तिच्यात बघत थांबत नाही. एकदा सुनंदाने केकसाठी मनुका भिजवायला त्या पहिल्या बाटलीतली उरलेली रम पातेल्यात गरम केली. तो वास घरभर पसरला. मी जिना उतरून खाली गेलो आणि सोसायटीच्या गेटवर दोन तास उभा राहिलो. वॉचमनला वाटलं, साहेब इन्स्पेक्शनला आलेत.

यंदा खरवईच्या मंडळाने व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. गाव आता गाव उरलेलं नाही. भोईरांच्या शेतावर चौदा मजली टॉवर आहे. पण मंडळ जुनंच. दिनकरचा भाऊ फोनवर म्हणाला, "काका, आईचा सत्कार आहे. बर्फात राहूनही दारूला न शिवलेल्या जवानाची आई म्हणून. बोलायला तुम्हीच पाहिजे. तुमच्याइतकं रंगवून कोण सांगणार?"

रविवारी सकाळी दहाला मी गेलो. कार्यक्रम अकराचा. भोईरकाकी नवी साडी नेसून स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, पाहुण्यांच्या जेवणासाठी सुकट निवडत. आता सत्तरीच्या पुढे आहेत. हात मात्र चालूच.

"आयलास? बस. काय बोलनार तू?"

मी खाली बसलो. खिशात चार पानी भाषण होतं. त्यात दिनकर शेवटच्या क्षणी रमेचा पेला झिडकारतो आणि भारतमातेचा जयजयकार करतो, असं होतं. चांगलं जमलं होतं.

"काकी," मी म्हणालो, "मी तेव्हा खोटं बोललो."

त्यांचे हात थांबले नाहीत. मी सगळं सांगितलं. डबकं, किस्सा, कॅन, हुकूम, रेडिओ. वेळांसकट. मी आयुष्यात इतकं सरळ कधी बोललो नसेन. बाहेर मंडळाची पोरं माईक तपासत होती, हॅलो हॅलो करत.

सांगून झालं तेव्हा ताटलीतली सुकट संपली होती. त्यांनी कचरा एका बाजूला केला.

"तो नको बोल्ला व्हता?"

"हो."

"कितीदा?"

"दोनदा."

"दोनदा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. चौदा वर्षं त्या माझ्याकडे लेकासारखं बघायच्या. हे बघणं वेगळं होतं.

"मग त्यानी नाय घेतली," त्या म्हणाल्या. "तू पाजलीस."

"हो काकी."

"माझ्या पोरानी शब्द मोडला नाय. मोडलास तू." त्या भिंतीला धरून उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "चल. तिथं ह्येच सांग. जसं मना सांगलंस तसं. वर काय लावू नको."

"काकी, लोक काय म्हणतील? सत्कार तुमचा..."

"लोकं तुला काय बोल्तील ते तू बघ. मना माझ्या पोराचं खरं ऐकायचं हाय. एवडी वरसं तुझ्याच गोष्टी ऐकल्या."

अकरा दहाला मला माईक दिला. मांडवात दीडशेएक माणसं असतील. दुसरीकडे सांगताना मी पाचशे सांगितली असती. पहिल्या रांगेत काकी, शेजारी दिनकरचा भाऊ. मी चार पानं बाहेर काढली नाहीत. पोस्टची उंची सांगितली, खरी. वेळा सांगितल्या. माझा किस्सा थाप होता, हे सांगितलं. रेडिओवर काय बोललो ते सांगितलं. दिनकरचा भाऊ मध्येच उठून मांडवाबाहेर गेला. तो अजून माझ्याशी बोललेला नाही. काकी बसून राहिल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतकं बोलून टाळ्या न मिळण्याची माझी ती पहिलीच वेळ.

शेवटी काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणून सावधान उभा राहिलो आणि रोल कॉलला देतात तसं नाव दिलं.

लान्स नाईक दिनकर भोईर. वय सत्तावीस. गाव खरवई. दोनदा नको म्हणाला.